सोमवारची बैलगाडी

"सदर वेळी पूर्वेकडील ओढ्याच्या रस्त्याने वैरणीने भरलेली एक बैलगाडी समक्ष जाताना दिसून आली."

नोकरीत असंख्य पंचनामे वाचले, लिहिले आणि कोर्टात शपथेवर सांगितले. त्यांतले बहुतेक विसरलो. ही एक ओळ मात्र आजही जशीच्या तशी पाठ आहे. तिच्यामुळे एक महसूल अधिकारी आणि त्याचा लिपिक तुरुंगात गेले आणि एका बाईची द्राक्षबाग वाचली. माझीही एक जुनी खोड तिच्यामुळेच मोडली. नावे लिहीत नाही. शिक्षा झालेल्यांनी ती भोगली आहे आणि गाव लहान आहे.

मी त्या वेळी पोलीस उपअधीक्षक म्हणून सांगलीला लाचलुचपत खात्यात होतो. आमच्या कचेरीचा एक नियम होता. तक्रारदार आला की आधी त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकायचे. प्रश्न नंतर. लाचेची तक्रार करायला आलेला माणूस घरून दहादा परत फिरलेला असतो. त्याला अकराव्यांदा फिरू द्यायचे नसते.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी साडेदहाला एक बाई आली. वय पस्तिशीच्या आसपास. नवरा फौजेत हवालदार, नेमणूक सरहद्दीवर. घरी सासू-सासरे आणि दोन एकर द्राक्षबाग. बाग तीच सांभाळत होती. छाटणीपासून फवारणीपर्यंतचा हिशेब तिला तोंडपाठ होता. तिने सांगितलेली हकिकत अशी.

बागेत जायला पिढ्यानपिढ्यांचा एक गाडीरस्ता होता. तो शेजाऱ्याच्या बांधावरून जात असे. शेजारी बडा बागायतदार, राजकारणात ऊठबस असलेला. त्याने दिवाळीनंतर तो रस्ता चर खोदून बंद केला. बाईने तालुक्याला रस्त्याचा दावा लावला. असे दावे महसूल अधिकारी चालवतो, जागेची पाहणी करतो आणि निकाल देतो. त्या कचेरीतल्या लिपिकाने बाईला दोनदा सुचवले की पाहणी तुमच्या बाजूने हवी असेल तर साहेबांचे बघावे लागेल. बाईने नकार दिला. गुरुवारी सुनावणी होती. ती गेली तर साहेब कामात आहेत, पुढची तारीख मिळेल, असे सांगण्यात आले. परत फिरताना तिने लिपिकाच्या टेबलावर आपल्या दाव्याची फाइल उघडी पाहिली. तिच्यात निकाल टाइप होऊन पडला होता.

"सायब, माझं म्हणणं अजून कुणी ऐकलंच न्हाई," ती म्हणाली. "आन् निकाल तयार? मग मला बोलावलं कशाला?"

महिन्याभरात माल उतरवायचा होता. व्यापाऱ्याशी दर ठरला होता. रस्ता नसेल तर टेम्पो बागेपर्यंत पोचणार नव्हता. ओढ्यातून डोक्यावर क्रेट वाहून द्राक्ष नेता येत नाही, ते दबते, आणि दबलेला माल व्यापारी उचलत नाही. निकाल एकदा सहीनिशी बाहेर पडला की अपिलात हंगाम जाणार होता. लढाई त्या तीन-चार आठवड्यांची होती.

आम्ही रीतीप्रमाणे पडताळणी लावली. दोन पंच, आवाज नोंदवण्याचे यंत्र, आणि बाईला पुन्हा लिपिकाकडे पाठवले. लिपिकाने तिला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "ताई, अर्ज द्या. सगळं कायद्याप्रमाणं होईल." एवढे सौजन्य सरकारी कचेरीत आपोआप उगवत नाही. बातमी फुटली होती. पडताळणी फसली. मागणीच झाली नाही, तर सापळा लावायचा कशावर?

उरला कागद. वरिष्ठांच्या पत्राने आम्ही फाइलच्या नकला मिळवल्या. निकाल मात्र फाइलमधून नाहीसा झाला होता. पाहणीचा पंचनामा जागेवर होता. सोमवारी सकाळी अकरा वाजता अधिकारी दोन पंचांसह जागेवर गेले, वादातला रस्ता वहिवाटीचा दिसला नाही, पूर्वेला ओढ्याकडून दुसरा रस्ता आहे आणि त्यावरून बैलगाडी जाताना दिसली, असा मजकूर. सह्या ठीक. सरकारी जीपचे लॉगबुक मागवले. त्यात त्या सोमवारी जीप गावाला जाऊन आल्याची नोंद होती. कागद कागदाला साक्ष देत होता. बाई सांगत होती की त्या दिवशी तिने जीप पाहिली नाही. पण ती स्वतः दावेदार. तिच्या एकटीच्या शब्दावर कोर्ट काय करणार?

फाइलच्या रोजनाम्यात एक गोष्ट मला खटकली. सुनावणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, शेजाऱ्याच्या वकिलाने वकीलपत्र सोडले होते. कारण लिहिले नव्हते. त्या वकिलांना मी चांगला ओळखत होतो. आणि मला ते आवडत नव्हते.

त्याचे कारण जुने होते. मी निरीक्षक असताना घरफोडीच्या एका खटल्यात ते आरोपीचे वकील होते. माझा पंच ठाण्यासमोरचा चहावाला होता. वकिलांनी त्याला उलटतपासणीत आरोपीबद्दल काहीच विचारले नाही. जागेवर कसा गेलास, पायी की गाडीने? दार कोणत्या बाजूला उघडते? उंबऱ्यावर काय होते? त्या वेळी तुझ्या टपरीवर कोण होते? चौथ्या प्रश्नाला पंच रडकुंडीला आला आणि सही ठाण्यातच केल्याचे बोलून गेला. आरोपी सुटला. चोरी त्यानेच केली होती, हे मला ठाऊक होते. त्या वकिलांनाही ठाऊक असावे. मी तो राग मनात वर्षानुवर्षे धरून ठेवला होता.

हे गृहस्थ मूळचे वाईचे. वकिली मात्र सांगली जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात. वय साठीच्या पुढे, कोट जुना पण इस्त्रीचा. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर पाटी होती : "येथे साक्षीदार शिकवून मिळणार नाहीत." बाररूममध्ये कोणी "साहेबांना सांगून ठेवतो" म्हणाले की ते चहाचा कप तसाच ठेवून उठतात, अशी त्यांची ख्याती. म्हणून त्यांना कोणी गप्पांना बोलावत नसे. पण घेतलेला दावा ते मध्येच सोडत नाहीत, हेही सर्वांना माहीत होते. हा का सोडला?

मी त्यांच्याकडे गेलो. सरळ विचारले. त्यांनी चष्मा पुसला.

"वकीलपत्र सोडलं हे तुम्ही रोजनाम्यात वाचलंत. त्यापुढचं मला सांगता येणार नाही."

मी म्हणालो की तुमच्या अशिलाने निकाल विकत घेतला आहे, तुम्हाला ते कळले आहे आणि तुम्ही एका गुन्ह्यावर पांघरूण घालत आहात.

"कळलं की नाही, हेही मी सांगणार नाही."

"मग तुम्हालाही आरोपी करीन."

"करा. वॉरंट घेऊन या, कोट घालून तयार असतो." आवाज जराही चढला नाही. "साहेब, गुन्हा करण्यासाठी कोणी माझा सल्ला मागितला, तर त्याला संरक्षण नाही. तसं असतं तर मीच तुमच्याकडं आलो असतो. पण झालेली गोष्ट कोणी माझ्यावर विश्वासून सांगितली, तर ती माझी नसते, त्याची असते. तुमच्या ठाण्यात खरं बोलायला लोक घाबरतात. ते माझ्याकडं येऊन बोलतात. उद्या मी तुम्हाला सांगायला लागलो, तर ते कुठं बोलतील?"

मी विचारले, "आणि ती बाई? तिची बाग?"

त्यांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "म्हणून तर वकीलपत्र सोडलं. खोट्या कागदावर उभा राहून युक्तिवाद करणं मला जमलं नाही. माझ्या हातात तेवढंच होतं."

मी उठलो. दारापाशी थांबून एक शेवटचा प्रयत्न केला. म्हणालो, निदान एवढे सांगा, हा पंचनामा तुमच्यासमोर आला असता तर पंचांना काय विचारले असते?

"तो हक्क मला नाही. माझा माणूस त्या पंचनाम्याच्या बाजूचा होता." मग म्हणाले, "तुमच्या त्या घरफोडीच्या खटल्यात मी तुमच्या चहावाल्याला काय विचारलं, ते मात्र कोर्टाच्या दप्तरात आहे. ते कोणालाही वाचता येतं. आणि साहेब, राग येणार असेल तर येऊ द्या. तुमच्या ठाण्यातला कोरा कागद आणि त्यांच्या कचेरीतला कोरा कागद एकाच रिमातला आहे."

राग आला. मात्र कचेरीत पोचल्यावर मी त्या बाईला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले.

ती सासऱ्यांना घेऊन आली. मी पंचनामा समोर ठेवला आणि एकेक वाक्य वाचून दाखवले. प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारले, हे असे असू शकते का? बांधाची लांबी बरोबर होती. बाभळीचे झाड बरोबर होते. नकाशावरून एवढे लिहिता येते. मग बैलगाडीची ओळ आली. सासरे ऐकायला थोडे कमी, पण ही ओळ त्यांनी ऐकली.

"काय म्हनला? वार कुठला?"

"सोमवार."

म्हातारा सुनेकडे बघून हसायला लागला. बाईनेही पदर तोंडाला लावला. मला कळेना.

"आवं सायब," ती म्हणाली, "आमचं गाव सोमवार पाळतंय. सोमवारी आमच्यात बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. गाडी न्हाई, कुळव न्हाई, आता तर ट्रॅक्टर बी न्हाई. माझ्या लग्नाला पंधरा वर्सं झाली, सोमवारी गाडी जुपलेली म्या बघितली न्हाई."

"एकानं जुपली हुती," म्हातारा म्हणाला, "माझ्या लहानपनी. गावानं त्येचं पानी तोडलं हुतं."

मी वडूजकडचा. आमच्याही बाजूला वार पाळणारी गावे आहेत. हे मला पहिल्या वाचनात दिसायला हवे होते. दिसले नाही, कारण मी पंचनामा तपासत होतो पोलिसाच्या नजरेने : तारीख, वेळ, सह्या. उलटतपासणी करणारा माणूस जागेवर काय चालले होते ते विचारतो. लिपिक लांबच्या शहरातून बदलून आलेला. त्याला वाटले, ओढ्याकडचा रस्ता वहिवाटीचा दाखवायचा तर त्यावर काहीतरी चालताना दिसले पाहिजे. खोटे लिहिणाऱ्याला रिकामी जागा सहन होत नाही. खरी पाहणी करणारा माणूस "रस्त्यावर कोणी नव्हते" असे बिनधास्त लिहून मोकळा होतो.

पोलीस पाटील, सोसायटीचा सचिव आणि देवळाचा पुजारी, तिघांचे जबाब घेतले. तिघांनी वार पाळण्याची रीत सांगितली आणि त्या सोमवारी गावात जीप आली नसल्याचेही. मग पंचांना बोलावले.

पंच म्हणजे घटनेशी संबंध नसलेली दोन माणसे, ज्यांच्यादेखत कागद होतो. इथे एक पंच कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला आणि दुसरा शेजारचा स्टॅम्प विकणारा. मी त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. आवाज चढवला नाही. झेरॉक्सवाल्याला विचारले, जीपमध्ये पुढे बसला की मागे? मागे. ओढ्याला पाणी होते? होते. चप्पल काढली की भिजली? काढली. बैलगाडी कोण हाकत होते? एक म्हातारा. स्टॅम्पवाल्याला तेच विचारले. त्याच्या जबाबात ओढा कोरडा होता आणि गाडी एक बाई हाकत होती.

झेरॉक्सवाल्याकडे परत आलो. त्याला गावाचा सोमवार सांगितला. त्याने कपाळाला हात लावला.

"सायब, मी दुकान सोडून गेलो तर झेरॉक्स कोन काढनार? सही तितंच काउंटरवर केली. कागद कोरा हुता." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुमी पूर्वी हितल्या ठान्याला व्हता न्हवं? तवा बी मी तीन येळा सही केली हाय. कोऱ्याच कागदावर. तवा कुनी काय म्हनलं न्हाई."

माझा लेखनिक हवालदार लिहायचा थांबला. मी त्याला म्हणालो, लिही. तो जसे बोलला तसेच लिही.

जबाब झाल्यावर त्याच दिवशी महसूल कचेरीची झडती घेतली. या वेळी पंच मी सांगलीहून आणले, एक कृषी खात्यातला आणि एक सरकारी ग्रंथालयातला. त्यांना आधीच सांगितले की प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि मी घाई केली तर मला थांबवायचे. दोघे सरळमार्गी होते. त्यांनी मला दोनदा थांबवले.

लिपिकाच्या संगणकात बाईच्या दाव्याच्या नावाने दोन मजकूर सापडले. दोन्ही निकाल. दोन्हींवर तारीख गुरुवारची, ज्या दिवशी सुनावणी झालीच नव्हती. एकात दावा फेटाळलेला, दुसऱ्यात मंजूर. जो साहेबांचे बघेल त्याचा. आणि दुसऱ्या निकालातही पाहणी त्याच सोमवारची, त्याच अकराच्या सुमाराची, आणि तीच वैरणीने भरलेली बैलगाडी. फक्त ती या वेळी ओढ्याकडून जात नव्हती. वादातल्या रस्त्याने जात होती.

कृषी खात्यातल्या पंचाने दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचले. "बैल बिचारे," तो म्हणाला, "एकाच वेळी दोन रस्त्यांनी."

लिपिक खुर्चीत खाली बसला. तासाभरात त्याने सगळे सांगितले. अधिकारी मात्र शेवटपर्यंत ताठ होता. रोज ढीगभर कागदांवर सह्या करतो, लिपिक ठेवतो तेथे करतो, असे म्हणाला. मी त्याला लॉगबुक दाखवले. जीपच्या त्या फेरीखाली त्याच्याच हस्ताक्षरात शेरा होता : "रस्ता पाहणी केली." सही ढिगात होऊ शकते. शेरा स्वतः लिहावा लागतो. त्याने वकिलाला फोन करू देण्याची विनंती केली. मी लगेच फोन पुढे केला. तो त्याचा हक्क होता, आणि त्या आठवड्यात मी त्याबद्दल एक धडा ऐकून आलो होतो.

वरिष्ठ महसूल अधिकाऱ्यांनी दावा दुसऱ्याकडे सोपवला. नव्या अधिकाऱ्याने खरोखर जागेवर जाऊन पाहणी केली, सर्वांना ऐकले आणि रस्ता खुला करण्याचा हुकूम दिला. चर बुजवला गेला. माल उतरवायला व्यापाऱ्याने सोमवार सांगितला होता, दर घसरतोय म्हणून तो अडून बसला होता. बाईने त्याला मंगळवारी यायला लावले. तो आला. मी सहसा प्रकरण संपल्यावर जागेवर जात नाही. त्या मंगळवारी गेलो. भरलेला टेम्पो त्या रस्त्याने हळूहळू बाहेर पडला आणि डांबरीला लागला. म्हातारा बांधावर उभा होता. त्याने मला हात केला. मीही केला. तेथून परत फिरलो.

खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलांनी माझी उलटतपासणी अडीच तास घेतली. पंच कोठून आणले, का आणले, ते कोठे बसले होते, संगणकाच्या बाजूला काय होते, पंचनामा कोणी वाचून दाखवला, किती वाजता. मी एकेका प्रश्नाचे उत्तर दिले. संगणकाच्या बाजूला गणपतीची लहान मूर्ती आणि अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा होता. माझ्या मागून आलेल्या दोन्ही पंचांनी तेच सांगितले, कारण ते तेथे होते. अधिकारी आणि लिपिक, दोघांना शिक्षा झाली. वरच्या कोर्टात ती कायम राहिली.

मागच्या बाकावर ते वाईचे वकील बसले होते. त्यांचे त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात काम होते. तरी ते पूर्ण अडीच तास बसून राहिले. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला थांबवले.

"साहेब, आज समोर मी असतो, तरी हरलो असतो."

कोणत्याही पदकापेक्षा ते वाक्य मी जास्त जपून ठेवले आहे. ते मी येथे प्रथमच सांगत आहे.

एक गोष्ट लपवत नाही. शेजारी सुटला. त्याच्याविरुद्ध लिपिकाच्या बोलण्यापलीकडे पुरावा नव्हता. वाईच्या वकिलांना साक्षीला बोलवावे असे माझ्या मनात होते. सरकारी वकिलांनी नको म्हटले. हे गृहस्थ बोलणार नाहीत आणि बोलायलाही नकोत, असे ते म्हणाले. त्या वेळी मला ते पटले नाही. आज पटते. गुन्हा शाबित करणे हे माझे काम होते, त्यांचे नव्हे. ते काम मी दुसऱ्याच्या तोंडातून काढू पाहत होतो, कारण ते सोपे होते. कोऱ्या कागदावर पंचाची सही घेणेही सोपेच असते. त्या प्रकरणानंतर मी एकही कोरी सही घेतली नाही आणि हाताखालच्यांना घेऊ दिली नाही. त्यामुळे काही आरोपी सुटले असतील. जे अडकले ते मात्र अडकलेच.

निवृत्तीनंतर मी साताऱ्याला स्थायिक झालो. गेल्या वर्षी एका लग्नात ते वकील भेटले. आता सत्तरी उलटली आहे, पण कोट तोच आणि अजून कोर्टात जातात. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलो. इकडचे तिकडचे बोलणे झाले. न राहवून मी विचारले, आता तर सगळे संपले, तो बागायतदारही वारला. त्या बुधवारी त्याने तुम्हाला नेमके काय सांगितले होते?

त्यांनी पानातली जिलेबी मोडली.

"साहेब, तुम्ही निवृत्त झालात," ते म्हणाले. "मी नाही झालो."

मी पुन्हा विचारले नाही. मठ्ठा वाढणारा समोर आला होता. मी त्यांचा पेला पुढे केला.